पात्स्क्वारोला जावे केव्हा?

आपल्याकडे सहलीचा महिना ऋतू ठरवत नाही, शाळा ठरवते. वार्षिक परीक्षा आटोपली की मे महिना आणि सहामाही आटोपली की दिवाळी. या दोन सुट्यांत जेवढे जग पाहून होईल तेवढे आपले. पुढे मुले मोठी होतात, त्यातली काही अमेरिकेत स्थायिक होतात आणि आईबाप शाळेच्या वेळापत्रकातून कायमचे मोकळे होतात. पण अंगवळणी पडलेली सवय मोकळी होत नाही. "मुलाने यंदा मेक्सिकोचा बेत केला आहे, सरोवराकाठचे ते गाव पाहायचे म्हणतो, मेमध्येच जावे ना?" असे आमच्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांनी परवा विचारले. दुसऱ्या एका बाईंनी तर त्या गावी 'मृतांची रात्र' असते असे कुठेसे वाचून एक नोव्हेंबरचीच तारीख मुक्रर करून टाकली होती. त्या दोघांना तोंडी जे सांगितले, तेच येथे जरा ऐसपैस लिहितो.

गावाचे नाव पात्स्क्वारो. मेक्सिको शहराच्या पश्चिमेला, मोटारीने पाच तासांच्या आत-बाहेर, मिचोआकान नावाच्या राज्यात ते वसले आहे. नकाशावर त्याच्या अक्षांशावरून बोट पूर्वेकडे सरकवत नेले, तर महासागर आणि खंड ओलांडून ते जवळजवळ थेट आपल्या पैठणवर येऊन टेकते. म्हणजे सूर्य तोच, दिवसरात्रीचे माप तेच. फरक आहे तो उंचीचा. पैठण पठारावर, तर पात्स्क्वारो समुद्रसपाटीपासून सुमारे २,१४० मीटरवर. आपल्या महाबळेश्वराहून कितीतरी उंच. त्यामुळे पैठणला ज्या दुपारी पंख्याखालीही जीव कासावीस होतो, त्या दुपारी तेथे माणसे चौकातल्या झाडाखाली बसून गप्पा मारतात.

एका गोष्टीने मराठी माणसाचे काम फार सोपे होते. तेथील वर्षाची घडी आपल्यासारखीच आहे. पाऊस जूनमध्ये येतो, ऑक्टोबरात काढता पाय घेतो; हिवाळा कोरडा; आणि एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ्याचा कळस. युरोप-अमेरिकेच्या चार ऋतूंचा हिशेब डोक्यात घेऊन येथे आलेला माणूस फसतो. आपले तीन ऋतू घेऊन आलेला फसत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न मे महिन्याचा. उन्हाचा त्रास म्हणाल तर तो नाही. भर दुपारी पारा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर जातो, त्याला आपण उन्हाळा म्हणणारही नाही. पण मे महिन्यात पाहायचे काय? ज्या सरोवरासाठी जायचे, ते त्या महिन्यात सर्वांत दीनवाणे असते. हे सरोवर चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगटात साठलेले आहे. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते, आणि उन्हाने वाफ होऊन तेवढे वर जाते. त्यामुळे ऋतूची प्रत्येक लहर त्याच्या काठावर उमटते. सहा-सात महिन्यांच्या कोरड्या हवेनंतर काठ मागे सरलेला असतो, चिखलाला भेगा पडलेल्या असतात, भोवतालचे डोंगर तपकिरी झालेले असतात आणि रानात वणवे लागून धुराने आकाश मळकट होते. २०२४ साली तर दुष्काळाने कहर केला. होड्या गाळात रुतल्या, पूर्वी जेथे पाणी होते तेथून माणसे चालत जाऊ लागली, आणि टँकर लावून सरोवराचे पाणी उपसून नेणाऱ्यांवर पोलिसांना नजर ठेवावी लागली. या भागात अव्होकाडोच्या बागांचे पीक फार. त्या बागांना पाणी लागते, आणि नव्या बागांसाठी डोंगरांवरची पाइनची झाडे तुटली की पावसाबरोबर माती सरळ सरोवरात उतरते. मूळचे उथळ सरोवर गाळाने आणखी उथळ होत चालले आहे. हाराक्वारो नावाचे येथले एक बेट होते. होते म्हणायचे, कारण पाणी हटत गेल्याने ते आता जमिनीला जोडले गेले आहे आणि तेथे मोटार जाते.

माशांचीही तीच कथा. येथला पांढरा मासा हे या सरोवराचे लेणे. एकेकाळी कोळी फुलपाखराच्या पंखांसारखी दोन बाजूंना उघडणारी जाळी टाकून तो धरीत, आणि त्या जाळ्यांची छायाचित्रे मेक्सिकोच्या जुन्या नोटांपासून भित्तिपत्रकांपर्यंत सर्वत्र झळकली. पुढे बाहेरचे मासे आणून सोडले, पाणी घाणीने भरले, आणि पांढरा मासा दुर्मीळ झाला. आज फुलपाखरी जाळी हवेत उंचावली जातात ती प्रवाशांच्या कॅमेऱ्यासाठी. मासा तीत सापडत नाही. होडी जवळ आणून कोळी टोपी पुढे करतो आणि नाणी तेवढी सापडतात. याच पाण्यात आचोके नावाचा एक सॅलॅमँडर राहतो. जगात दुसरीकडे कोठेही तो नैसर्गिक स्थितीत आढळत नाही. गावातल्या डोमिनिकन पंथाच्या जोगिणी खोकल्याच्या औषधासाठी आपल्या मठात टाक्या करून तो वाढवीत आल्या, आणि आता हा प्राणी नामशेष होऊ नये म्हणून जे शास्त्रज्ञ झटत आहेत, त्यांना या मठातल्या टाक्यांचाच मोठा आधार झाला आहे. औषधाच्या गुणाबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण टाक्या स्वच्छ होत्या एवढे खरे!

मे गेला. मग पावसाळा कसा? सगळी प्रवासी पुस्तके येथे नाक मुरडतात, आणि तेथेच माझे त्यांच्याशी भांडण आहे. ही पुस्तके लिहिणारे लोक पावसाला घाबरणाऱ्या देशांतले. आपण पावसात लोणावळ्याला जाणारी माणसे! पात्स्क्वारोचा पाऊस आपल्या कोकणासारखा चार-चार दिवस झड लावणारा नव्हे. वर्षाचे एकूण मानही पुण्यापेक्षा थोडेसेच जास्त. सकाळ बहुधा लख्ख उघडी असते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास डोंगरामागून ढग चढतात, कडकडाट होतो, तास-दोन तास पाऊस कोसळतो आणि संध्याकाळी न्हालेल्या गावावर ऊन पडते. आम्ही पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टात. सकाळी हिंडावे, दुपारी कौलांवरचा पाऊस ऐकत लवंडावे आणि दिवेलागणीला चौकात जावे, असा क्रम आमच्या सौ.ना इतका मानवला की परतीचे तिकीट दोन दिवस पुढे ढकलावे लागले.

गावाची बांधणीही पावसाला धरूनच आहे. पांढऱ्या भिंती, त्यांचा खालचा हातभर पट्टा गेरूसारख्या तांबड्या रंगाचा, वर मातीची कौले, आणि छप्पर पुढे इतके आलेले की पदपथावरून चालणाऱ्याला छत्री उघडावी लागू नये. तांबडा पट्टा पाहिला आणि मला कोकणातल्या घरांच्या गेरूच्या पट्ट्यांची आठवण झाली. चिखलाचे शिंतोडे दिसू नयेत हा हिशेब जगात सगळीकडे एकच. मुख्य चौक प्रशस्त, जुन्या वृक्षांच्या सावलीचा; आणि विशेष असे की, मेक्सिकोतल्या जवळजवळ प्रत्येक गावच्या चौकावर चर्च असते, तसे या चौकावर नाही. चौकाच्या मध्यभागी वास्को दे किरोगा याचा पुतळा आहे. हा मिचोआकानचा पहिला बिशप. त्याच्या आधी आलेल्या स्पॅनिश सरदारांनी येथल्या पुरेपेचा लोकांचा जो छळ केला त्याला सीमा नाही. येथला राजा तर त्यांनी १५३० साली जिवंत मारला. त्यानंतर आलेल्या या वयस्क न्यायाधीशाने टॉमस मूरचे 'युटोपिया' हे पुस्तक वाचले होते, आणि पुस्तकातले आदर्श नगर प्रत्यक्षात उतरवायचे त्याने मनावर घेतले. दवाखाना, शेत आणि कारागिरी यांना धरून त्याने वस्त्या उभारल्या. कोणत्या गावाने कोणता धंदा करायचा हेही त्यानेच वाटून दिले, असे लोक सांगतात. सांता क्लारात आजही तांब्याची भांडी ठोकली जातात. आपल्या तांबट आळीतल्यासारखा ठोक्यांचा नाद रस्त्याच्या टोकापासून ऐकू येतो. किरोगा १५६५ साली वारला, पण पुरेपेचा लोक अद्याप त्याला बाबा या अर्थी 'ताता वास्को' म्हणतात.

पावसाळ्यात जाण्याचे आणखी एक कारण जिभेशी निगडित आहे. कोवळ्या कणसांचे दाणे वाटून, त्यांच्याच हिरव्या पानांत गुंडाळून वाफवलेला 'उचेपो' नावाचा एक गोडसर पदार्थ येथे मिळतो. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण व्हावी असा. मक्याची कणसे कोवळी असतील तोवरच त्याची चव. हिवाळ्यात मागाल तर 'कोरुंदा' हा जून मक्याचा तिकोनी प्रकार पुढे येईल. मका हा या देशाचा प्राण आहे, आणि त्या प्राणाशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवीत देशोदेशी फिरले आणि मेक्सिकोत स्थिरावले. राजधानीजवळच्या चापिंगो येथील कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा याने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. २०२२ साली चापिंगोला त्यांचा पुतळा बसवण्यात आला. वाट थोडी वाकडी करण्याची तयारी असेल, तर तो जरूर पाहावा.

आता त्या रात्रीकडे वळतो, जिच्यासाठी जगभरची माणसे या गावाकडे धाव घेतात. नोव्हेंबरच्या एक तारखेला पहाटे बालपणी गेलेल्या मुलांसाठी, आणि त्याच दिवशी रात्री थोरांसाठी, सरोवराकाठच्या गावांतले लोक स्मशानात जाऊन बसतात. थडग्यांवर झेंडूच्या कमानी उभारतात, मेणबत्त्या लावतात, भरतकाम केलेल्या रुमालाखाली झाकलेली परडी ठेवतात. परडीत पाव, फळे आणि गेलेल्या माणसाला जे आवडत असे ते. आत्मा वाट चुकू नये म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. बायका शालीत गुरफटून पहाटेपर्यंत बसून राहतात. रडारड नाही, गडबड नाही. थंडी असते, मेणाचा आणि धूपाचा वास असतो, आणि अधूनमधून घंटा वाजते.

आपल्याला यातले काय परके वाटणार? सर्वपित्रीला आपण पान वाढतो, आणि आजोबांना आवडायची ती भाजी आठवणीने करतो. तो झेंडू तर मूळचा मेक्सिकोचाच. सोळाव्या शतकानंतर समुद्रमार्गे तो इकडे आला आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणात असा काही जाऊन बसला की, तो परदेशी आहे म्हटले तर आपल्या आजीने आपल्यालाच वेड्यात काढले असते. तिकडे त्याचे नाव सेम्पासुचिल. मूळ अर्थ 'वीस-फूल', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे. ते लोक वीस-वीसने मोजत, जशी आपली जुनी माणसे कोडीने मोजत. दिवस लहान होऊ लागले की झेंडूला बहर येतो. आणि दोन्हीकडे दिवसाचे माप एकच असल्याने, तेथे मृतांसाठी आणि येथे दसरा-दिवाळीसाठी तो एकाच वेळी फुलतो. २०२४ साली तर आपले लक्ष्मीपूजन आणि त्यांची ती रात्र एकाच तारखेला आली होती. एकीकडे लक्ष्मी यावी म्हणून दिवे, दुसरीकडे पितर यावेत म्हणून!

इतके सगळे असूनही, त्या रात्री तेथे जाऊ नये असे माझे मत आहे. हानित्सिओ हे सरोवरातले सर्वांत प्रसिद्ध बेट. स्वातंत्र्यवीर मोरेलोसचा सुमारे चाळीस मीटर उंचीचा पुतळा त्याच्या माथ्यावर उभा आहे. त्या रात्री तेथल्या चिंचोळ्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. होड्यांना रांगा, खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट, आणि ज्या थडग्याशी एखादी म्हातारी आपल्या मुलासाठी बसली आहे, त्याच्याभोवती छायाचित्रे काढणाऱ्यांचे कोंडाळे. विचार करा, आपल्या घरी श्राद्धाचे पान वाढले आहे आणि दारात पन्नास अनोळखी माणसे कॅमेरे रोखून उभी आहेत! येथले लोक सोशीक आहेत, आणि या गर्दीवर त्यांचे वर्षाचे उत्पन्न बरेचसे अवलंबून आहे, म्हणून ते बोलत नाहीत. युनेस्कोने २००८ साली या परंपरेला आपल्या यादीत मान दिला, तो योग्यच. पण मानाबरोबर मांडवही आला. मेक्सिको शहरात तर मौजच झाली. २०१५च्या एका जेम्स बाँड चित्रपटात मृतदिनाची भव्य मिरवणूक दाखवली. अशी मिरवणूक त्या शहरात निघत नसे. प्रेक्षक ती शोधत येतील म्हणून पुढच्या वर्षापासून खरोखरीच काढू लागले. ज्यांना रोषणाई आणि तमाशा हवा, त्यांनी ती खुशाल पाहावी. ती पाहण्यासाठीच आहे. स्मशाने तशी नाहीत.

ज्यांना अगदी राहवणारच नाही, त्यांनी निदान हानित्सिओ टाळून काठावरच्या एखाद्या लहान गावी जावे, कॅमेरा पिशवीत ठेवावा, सोबत फुले नि मेणबत्ती न्यावी आणि तासाभरात मुकाट्याने परतावे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुटुंबाबरोबर प्रवास करणाऱ्याला ती सांगितली नाही तर लेख लिहिण्यात अर्थ नाही. मिचोआकान हे टोळ्यांच्या हिंसाचाराने पोळलेले राज्य आहे. पात्स्क्वारोहून साठेक किलोमीटरवर असलेल्या उरुआपान शहरात, २०२५च्या एक नोव्हेंबरला, मृतदिनाच्याच उत्सवात, भर चौकात नगराध्यक्ष कार्लोस मान्सो यांची गोळ्या घालून हत्या झाली. अमेरिकन सरकार आपल्या नागरिकांना या राज्याबद्दल वर्षानुवर्षे कडक इशारे देत आले आहे. प्रवासी लक्ष्य असतात असे नव्हे; पण ऋतू पाहण्याआधी त्या आठवड्याची बातमी पाहावी, प्रवास दिवसाउजेडी आणि टोलच्या हमरस्त्याने करावा, मोरेलियाहून यावे-जावे आणि जेथे राहाल तेथल्या माणसांचा सल्ला मानावा. इशारा ताजा असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. सरोवर पळून जात नाही, असे पूर्वी म्हणता आले असते!

माझ्या मते उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबरचा पहिला आठवडा. आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते याच दिवसांत. गर्दी ओसरलेली असते. पाऊस नुकताच संपल्यामुळे डोंगर हिरवे असतात, सरोवर वर्षातल्या आपल्या भरलेल्या रूपात असते, आणि धूळ धुऊन गेल्याने हवा इतकी नितळ की पलीकडच्या काठावरची घरे मोजता येतात. स्मशानांतल्या कमानी अजून काढलेल्या नसतात. वाळलेल्या झेंडूचा रंग तांबूस होऊन गेलेला असतो, आणि तेथे तुमच्याशिवाय कोणी नसते. आम्हाला युनुएन बेटावर नेणाऱ्या नावाड्याने वल्ह्याने काठावरच्या मक्याच्या शेताकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "माझ्या वडिलांची होडी तेथे बांधलेली असायची." शेत पाण्यापासून चांगले शंभर पावलांवर होते. त्याने ते अगदी सहज सांगितले.

याच दिवसांत उत्तरेकडून, कॅनडापर्यंतच्या दूर मुलखातून, मोनार्क फुलपाखरांचे थवे मिचोआकानच्या पूर्वेकडच्या उंच रानांत येऊन पोचलेले असतात. ती कोठे जातात याचा पत्ता बाहेरच्या जगाला लागला तो १९७५ साली. तेथल्या रहिवाशांना तो आधीपासूनच ठाऊक होता, हे सांगायला नको. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ही राने प्रवाशांना खुली होतात. पात्स्क्वारोहून तीन-चार तासांची वाट. एक मुक्काम ठेवावा. फुलपाखरांचा भर पाहायचा असेल, तर मात्र जानेवारी-फेब्रुवारी गाठावा लागेल. तेव्हा उन्हाची तिरीप पडली की झाडांच्या फांद्याच उडू लागल्यासारख्या वाटतात. पण त्या महिन्यांत पात्स्क्वारोत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याहून खाली येतो, आणि घरांत ऊब आणण्याची सोय क्वचितच असते. सांध्यांच्या दुखण्याच्या मंडळींनी याचा विचार करावा. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह हा मेक्सिकन लोकांच्या स्वतःच्या सहलींचा आठवडा. तेव्हा खोली मिळणे कठीण. मात्र झावळ्यांच्या रविवारी उरुआपानला हस्तकलेचा जो बाजार भरतो, त्याची कीर्ती मोठी आहे.

डिसेंबरच्या आठ तारखेला गावच्या आरोग्यमातेचा उत्सव असतो. तिची मूर्ती मक्याच्या ताटांच्या लगद्यापासून घडवलेली आहे. मूर्ती घडवण्याची ही रीत पुरेपेचा लोकांची, स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासूनची. उत्सवाला आसपासच्या खेड्यांतून माणसे पायी येतात, बाजार भरतो, बँड वाजतो, आणि परदेशी चेहरे बोटांवर मोजण्याइतके. एक नोव्हेंबरच्या रात्री जे शोधत लोक येतात, ते मला त्या दिवशी अधिक सापडले.

राहता राहिल्या चार व्यवहाराच्या गोष्टी. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही; तरी निघण्यापूर्वी वकिलातीत विचारून घ्यावे. शाकाहारी मंडळींनी 'सोपा तारास्का' हे घेवड्याच्या दाण्यांचे सार मागवताना त्यात मांसाचा रस्सा नाही ना, हे आधी खात्री करून पुसावे. होडी सकाळी घ्यावी. दुपारनंतर वारा उठतो. गरम कपडे प्रत्येक ऋतूत लागतात, ऑगस्टातही. आणि मुख्य चौकाच्या कमानींखाली 'निएव्हे दे पास्ता' नावाचे दुधाचे, बदामी चवीचे बर्फ मिळते, ते थंडी असली तरी खावे. तेथले लोक शाल पांघरून खातात.